सिकोया हलवताना: बॉयसी शहरातल्या एका झाडाचं प्रकरण

आमच्या सोसायटीच्या आवारात एक पर्जन्यवृक्ष आहे. पार्किंग वाढवायचा विषय सर्वसाधारण सभेत निघाला, तेव्हा तीन-चार जण एकाच सुरात म्हणाले, "तोडायला कोण सांगतंय? हलवू या ना दुसरीकडे." बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. झाड वाचावं असंच त्यांना वाटत होतं, आणि ‘हलवणं’ हा त्यावरचा सोपा उपाय वाटत होता. मी पंचवीस वर्षं रोपवाटिका चालवली आहे. हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटलेलं चार फुटांचं रोपसुद्धा कसं मान टाकतं, हे मी रोज पाहत आले. म्हणून त्या सभेत मी अमेरिकेतल्या एका झाडाची हकीकत सांगायला उभी राहिले. विषयपत्रिकेत अजून सात विषय होते, त्यामुळे ती पाच मिनिटांत गुंडाळावी लागली. ती इथे पुरती मांडते आहे, कारण वाढलेलं झाड हलवणं म्हणजे नेमकं काय असतं, हे सांगणारं याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

बॉयसी ही आयडाहो राज्याची राजधानी. तिला ‘झाडांचं शहर’ म्हणतात, पण ही झाडं आपोआप आलेली नाहीत. वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी. उन्हाळा कोरडा आणि कडक. नदीकाठचा पट्टा सोडला तर आजूबाजूला खुरटी झुडपं आणि उघडे डोंगर. तिथली सावली माणसांनी लावलेली आहे आणि पाणी घालून टिकवलेली आहे. अशा गावात, सेंट ल्यूक्स रुग्णालयाच्या शेजारी, १०० वर्षांहून अधिक काळ एक महाकाय सिकोया उभा होता. उंची सुमारे ९८ फूट, म्हणजे दहा मजली इमारतीएवढी. बुंध्याचा घेर सुमारे २० फूट. आयडाहोतला सर्वांत मोठा सिकोया म्हणून तो ओळखला जायचा.

हे झाड मूळचं कुठलं, ते आधी सांगायला हवं. महाकाय सिकोया जगात निसर्गतः एकाच ठिकाणी उगवतो: कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर. साधारण ४२० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात त्याच्या विखुरलेल्या राया आहेत, बहुतेक १,४०० ते २,१५० मीटर उंचीवर. हिवाळ्यात तिथे पुरुषभर बर्फ साचतं आणि उन्हाळ्यात ते हळूहळू वितळून मुळांना पाणी मिळत राहतं. पूर्ण वाढलेलं झाड उन्हाळ्यातल्या एका दिवसात दोन-तीन हजार लिटर पाणी ओढतं. जनरल शर्मन नावाचं झाड ८३.८ मीटर उंच आहे. लाकडाच्या घनफळाचा विचार केला, तर तो जगातला सर्वांत मोठा एकखोडी वृक्ष. काही झाडांच्या वलयांची मोजणी ३,२०० वर्षांच्या पुढे गेली आहे. बॉयसी या पट्ट्याच्या उत्तर टोकापासूनही ६०० किलोमीटरहून लांब आहे, आणि मधे पसरलेलं आहे नेवाडाचं वाळवंट.

तर हे झाड इथे आलं कसं? भेट म्हणून. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या जंगलांसाठी आयुष्य वेचलेले निसर्गअभ्यासक जॉन म्यूर यांनी सिकोयाची काही रोपं एमिल ग्रँडजीन यांना पाठवली. ग्रँडजीन हे अमेरिकेच्या वनखात्याचे सुरुवातीच्या काळातले अधिकारी, बॉयसीत नेमणुकीवर होते. त्यांनी त्यातलं रोप डॉ. फ्रेड पिटेंजर यांना दिलं आणि १९१२ मध्ये डॉक्टरांच्या घराच्या अंगणात ते लागलं. दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, म्यूर वारले.

या जागी मी नेहमी थांबते. सिकोयाचं बी ओटाच्या दाण्याहून लहान असतं, चार-पाच मिलिमीटर, चपटं, दोन्ही कडांना पातळ पंख. ज्या शंकूत ते बसतं तो कोंबडीच्या अंड्याएवढा. तो झाडावर हिरवाच, बंद, वीस-वीस वर्षं राहू शकतो. खाली वणवा लागला की गरम हवेने तो सुकतो, उघडतो आणि ताज्या राखेवर बी सांडतं. म्हणजे जंगलात या झाडाला रुजायला आग लागते. अंगणात मात्र एका माणसाने कुंडीतून काढून हाताने खड्ड्यात ठेवलं आणि ते लागलं. त्या दिवशी पिटेंजरांच्या अंगणात ते झुडूपच दिसलं असणार. पाहुण्याने आणलेलं रोप आपण जिथे जागा दिसेल तिथे लावतो, तसंच तेही लावलं गेलं असेल. शंभर वर्षांनी इथे काय असेल, हा प्रश्न अशा वेळी कोणाच्या मनात येत नाही. आपल्याकडे तरी कुठे येतो? मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरचे पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतून आले, गुलमोहर मादागास्करचा, वसईच्या किल्ल्यात उभ्या असलेल्या गोरखचिंचा आफ्रिकेच्या. ज्यांनी ती लावली ते गेले. घरं, रस्ते, गटारं नंतर आली, आणि मग झाड ‘मधे येतंय’ असं म्हणायला सुरुवात झाली.

बॉयसीतही हेच झालं. डॉक्टरांचं अंगण पुढे रुग्णालयाच्या आवारात सामावलं गेलं आणि घरगुती झाड सार्वजनिक झालं. रुग्णालयाच्या दारात एवढं उंच, टोकदार, सदाहरित झाड म्हटल्यावर नाताळात ते सजवण्याचा मोह कोणाला होणार नाही! वर्षानुवर्षं त्यावर दिवे आणि सजावट चढत राहिली. १९८० च्या दशकात शेंडा खंगला आणि शेवटी तो कापावा लागला. या कामामागे कोणाचा दुष्टावा नव्हता. रुग्णालयात नाताळ काढणाऱ्या आजारी माणसांना खिडकीतून उजेड दिसावा, एवढाच हेतू असणार. पण शेंड्याचा कोंब हे सूचिपर्णी झाडाचं सर्वांत नाजूक ठिकाण. तिथे तार आवळली, कोंब घासला, की वरची वाढ तिथेच मरते. आपल्याकडे दिवाळीला आणि लग्नसराईत झाडांना बुंध्यापासून फांद्यांच्या टोकापर्यंत माळा गुंडाळतात आणि खिळे ठोकून वायर अडकवतात, त्यांनी एवढा भाग तरी दोनदा वाचावा. दिवाळी संपल्यावर वायर कोणी काढत नाही. झाड जाड होत जातं, वायर मात्र तेवढीच राहते, आणि दोन-तीन वर्षांत ती सालीत रुतून बसते. आमच्या गल्लीतल्या बहाव्याच्या फांदीवर अशी एक खाच आहे. बोट घातलं तर आत तांब्याची तार हाताला लागते.

सिकोया मात्र यातून सावरला. एका बाजूची फांदी शेंड्याची जागा घेते आणि झाड पुन्हा वर चढतं, ही सूचिपर्णी झाडांची ताकद आहे.

मग रुग्णालयाच्या विस्ताराचा आराखडा आला. नव्या इमारतींच्या जागेत झाड येत होतं. तोडणं हा पर्याय आम्ही कधी धरलाच नव्हता, असं रुग्णालयाच्या वतीने तेव्हा सांगण्यात आलं. शहरातल्या लोकांना त्या झाडाचं किती महत्त्व आहे याची त्यांना कल्पना होती. झाड दोन ब्लॉक अंतरावर, शहराच्या मालकीच्या जागेत, फोर्ट बॉयसी उद्यानाच्या परिसरात नेऊन लावायचं ठरलं. खर्चाचा अंदाज ३ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे दोन कोटी रुपये. तो रुग्णालयाने उचलला. काम टेक्सासमधल्या एका कंपनीला दिलं, जी मोठाली झाडं हलवण्याचंच काम करते.

इथे माझं स्पष्ट मत असं की झाड जिथे होतं तिथेच ठेवून इमारतीचा नकाशा वळवणं हे सगळ्यांत चांगलं. एका झाडासाठी नकाशा बदलता येतो, पण मुळांचा नकाशा बदलता येत नाही. तरीही बॉयसीच्या लोकांना मी बोल लावणार नाही. रुग्णालयाचा विस्तार ही चैनीची गोष्ट नव्हे. आणि हलवायचं ठरवल्यावर त्यांनी ते काम ज्या निगुतीने केलं, ते शिकण्यासारखं आहे.

मुळांचा प्रश्न नीट समजून घेतला तरच पुढचं कळेल. एवढं उंच झाड म्हणजे खाली तेवढंच खोल सोटमूळ, असा बहुतेकांचा समज असतो. सिकोयाच्या रोपाला सोटमूळ असतं, पण लहानपणीच ते वाढायचं थांबतं आणि मुळं आडवी धावू लागतात. मोठ्या झाडाचीही मुळं साधारण तीन-चार मीटरांपेक्षा खाली जात नाहीत. आडवी मात्र बुंध्यापासून तीस, कधी चाळीस-पंचेचाळीस मीटर पसरतात. म्हणजे जमिनीखाली एक भलीमोठी परात पालथी घातलेली आणि तिच्यावर दहा मजले उभे. पाणी ओढणारी तंतुमुळं या परातीच्या कडेला असतात, बुंध्याजवळ नसतात. बुंध्याजवळची जाड मुळं झाडाला उभं धरतात, पण तहान भागवतात ती केसांसारखी बारीक, पांढरी, एका दुपारच्या उन्हात वाळून जाणारी मुळं. झाड उचलताना ज्या घेरात खणतो, त्याच्या बाहेरची ही सगळी मुळं तुटतात. मोठ्या झाडाच्या बाबतीत अन्न-पाणी शोषणाऱ्या मुळांचा फार मोठा भाग मागेच राहतो. वरचा पर्णसंभार तेवढाच, आणि पाणी आणणारे हात गेलेले. पुनर्रोपण केलेलं झाड मरतं ते बहुधा याच कारणाने. म्हणूनच ते लगेच मरत नाही. खोडात साठलेल्यावर काही महिने तग धरतं, पालवीसुद्धा फुटते, लोक फोटो काढतात, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ते वाळतं. तोवर कंत्राटदाराचं बिल निघालेलं असतं.

हे आपल्याकडे घडताना मी पाहिलं आहे. रस्ता रुंद करताना हलवलेली वडाची आणि पिंपळाची झाडं आमच्या भागातल्या एका मोकळ्या जागेत आणून लावली होती. आणताना सगळ्या फांद्या खांद्यापाशी कापलेल्या, मुळं जेसीबीच्या दातांनी तोडलेली, टोकं चिंध्यांसारखी लोंबत होती. हुंडी म्हणावी असं काही उरलंच नव्हतं. खोडाच्या तळाशी टोपलीभर माती चिकटलेली, बस. वडाची जात चिवट, म्हणून त्यातली काही फुटली. बाकीच्या खोडांना पुढच्या वर्षी वाळवी लागली होती. मी जाऊन पाहिलं तेव्हा आळीसुद्धा केलेली नव्हती. टँकर यायचा तो पाणी वरून मारून जायचा, आणि ते उताराने वाहून जायचं.

बॉयसीतलं काम याच्या नेमकं उलट होतं. झाडाभोवती रुंद घेर धरून चर खणला गेला. मुळांसकट मातीचा जो चकतीसारखा गोळा उरला, त्याभोवती गोणपाट आवळून, पाइप आणि खिळ्यांनी जखडून पक्कं कवच केलं. आपण नर्सरीत आंब्याच्या कलमाची हुंडी सुतळीने बांधतो, तेच तंत्र, फक्त प्रमाण अवाढव्य. मग हुंडीच्या खालून लोखंडी पाइप एकाला लागून एक सारले, की तळाला आपोआप एक तराफा तयार झाला. झाड ओढायचं किंवा उचलायचं नव्हतंच. त्या तराफ्याखाली हवेने फुगणाऱ्या लांबट पिशव्या घालून ते जमिनीवरून थोडं वर घ्यायचं आणि त्या पिशव्यांवरूनच लोळवत न्यायचं. वजन सुमारे ८ लाख पौंड, म्हणजे ३६० टनांहून जास्त. भरलेल्या एसटीच्या वीस-बावीस गाड्या एकावर एक रचाव्यात, तेवढं.

फांद्या छाटल्या नाहीत. तेव्हाच्या छायाचित्रांत झाड जसंच्या तसं, हिरवंगार, शंकूच्या आकाराचं, सरळ उभं राहून रस्त्यावरून चाललेलं दिसतं. अंगावर शहारा येतो. आपल्याकडे ‘हलवण्यासाठी सोपं जावं’ म्हणून झाडाचा खांब करतात. सिकोयासारख्या झाडाचा खांब केला तर ते संपलंच, कारण जुन्या लाकडातून पुन्हा पालवी फोडण्याची त्याची ताकद वडासारखी नाही. त्याची पानं म्हणजे फांदीला चिकटलेले बारीक टोकदार खवले, आणि तीच त्याची भाकरी.

२०१७ च्या जूनमध्ये, शुक्रवार २३ तारखेपासून शेवटची तयारी सुरू झाली. रविवार २५ तारखेच्या मध्यरात्री, रस्त्यावरची रहदारी थांबवून, झाड निघालं. बघायला लोक जागत बसले होते. दोन ब्लॉक, म्हणजे आपल्याकडे एका चौकातून पुढच्या चौकापर्यंत पायी जायला लागतात तेवढी मिनिटं. झाडाला मात्र रात्र लागली. सकाळ झाली तेव्हा ते नव्या जागी पोहोचलं होतं.

महिना निवडला तोही पाहण्यासारखा आहे. जून म्हणजे आपल्याकडे झाडं लावायचे दिवस, कारण पाऊस पाठीशी असतो. बॉयसीत मात्र जून-जुलैमध्ये पाऊस नावालाच. म्हणजे नव्या जागी उतरल्यापासून पाण्याचा थेंबन्‌थेंब माणसांनीच द्यायचा होता. नव्या खड्ड्यात जुन्या जागेची मातीही भरली. हे वाचून मला माझी आजी आठवली. माहेरचं तुळशीचं रोप सासरी आणताना ती पदरात मूठभर माती बांधून आणायची. त्यामागे भावना होतीच, पण शास्त्रही आहे: मुळांसोबत राहणाऱ्या बुरशी आणि जिवाणू त्या मातीत असतात, आणि तुटलेल्या मुळांना नवे तंतू फुटेपर्यंत पाणी आणि क्षार पोहोचवायला त्यांचीच मदत होते.

झाड जगलं. स्थलांतरानंतरच्या वर्षांत ते हिरवं राहिलं आणि वाढू लागलं. या एका वाक्यामागे कितीतरी लोकांची रोजची देखरेख आहे: ओल तपासणं, खोडाचा कल बघणं, पानांचा रंग बघणं. बागायतीत एक ठोकताळा आहे: खोडाच्या दर इंच जाडीला सावरायला एक वर्ष. तो थंड हवेच्या मुलखातला. आपल्याकडे मुळं लवकर धरतात, त्यामुळे काळ कमी लागेल. पण तो निम्मा धरला, तरी आमच्या आवारातल्या अडीच फूट व्यासाच्या पर्जन्यवृक्षाला पंधरा वर्षं होतात. पंधरा वर्षं उन्हाळ्यात पाणी घालायला कोण जबाबदार? सभेत मी हा प्रश्न विचारला तेव्हा कोणी बोललं नाही. सोसायटीची कार्यकारिणी दर पाच वर्षांनी बदलते.

आता एक शंका रास्त आहे, आणि ती मला एका तरुण शेजाऱ्याने विचारली. "काकू, ते झाड तिथलं नव्हतंच मुळात. जंगलात हजारो आहेत. एकासाठी दोन कोटी?" 

याचं उत्तर मी दोन भागांत देते. जंगलात हजारो आहेत हे खरं, पण ते हजारो आता सुरक्षित नाहीत. शतकभर लहान वणवे विझवत राहिल्यामुळे खालचा पालापाचोळा साठला, दुष्काळ लांबले, आणि आग आली ती शेंड्यापर्यंत चढणारी. सिकोयाची साल दोन फुटांपर्यंत जाड, मऊ, तंतुमय असते. नारळाच्या सोडणाला हात लावल्यासारखं वाटतं. साध्या वणव्याला ती दाद देत नाही. पण २०२० च्या कॅसल वणव्यात आणि २०२१ च्या दोन मोठ्या वणव्यांत मिळून जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी १३ ते १९ टक्के झाडं गेली. दोन-दोन हजार वर्षं आगीत उभी राहिलेली झाडं दोन वर्षांत गेली. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

म्हणून दूर देशी लावलेल्या सिकोयांकडे आज वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. ब्रिटनमध्ये याचं बी पहिल्यांदा १८५३ मध्ये गेलं. तिथे त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावावरून ‘वेलिंग्टोनिया’ म्हणू लागले, आणि श्रीमंतांच्या बंगल्यांसमोर रांगेने ते लावण्याची हौस पसरली. पुढे बंगल्यांच्या जमिनींचे तुकडे पडले, तिथे घरांच्या वसाहती झाल्या, आणि झाडं लोकांच्या परसात आणि रस्त्याच्या कडेला आली. तिथली झाडांवर चढणारी ट्रीक्रीपर नावाची चिमणीएवढी पाखरं या परक्या झाडाच्या मऊ सालीत अंड्याच्या आकाराचे खळगे कोरून थंडीच्या रात्री त्यात झोपतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सिकोयाचा जवळचा नातलग असलेला किनारी रेडवुड धरून ब्रिटनमध्ये अशी ५ लाख झाडं असावीत असा अंदाज मांडला गेला. सिएरा नेवाडातल्या मोठ्या सिकोयांची संख्या ८० हजारांच्या घरात आहे. ब्रिटनमधली झाडं अजून लहान आहेत, दीडशे-पावणेदोनशे वर्षांची, आणि ती तिथे आपणहून बी रुजवून जंगल करत नाहीत. तरी ती आहेत.

उत्तराचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बॉयसीचा तो एक सिकोया वाचल्याने सिकोयाची जात वाचणार नाही. तो वाचवला गेला तो बॉयसीच्या लोकांसाठी. त्या रुग्णालयात जन्मलेल्या कितीतरी मुलांच्या आईवडिलांनी घरी परतताना ते झाड पाहिलं असेल. बरे होऊन परतणाऱ्यांनी, आणि आपलं माणूस तिथे सोडून परतणाऱ्यांनीही. शंभर वर्षं एका जागी उभं राहिलेलं झाड गावाच्या आठवणी धरून ठेवतं. त्याला रुपयांत मोजायला गेलं की हिशेब चुकतो, आणि न मोजता सोडून दिलं की झाडच जातं. बॉयसीने तो खर्च खर्च म्हणूनच मोजला आणि तरीही केला, याचा मला आदर वाटतो.

ऑरेगनमधल्या पोर्टलंड शहरात २०१५ मध्ये वेगळा मार्ग निघाला. ईस्टमोरलँड नावाच्या निवासी भागात एका घराच्या जागेत तीन उंच सिकोया होते. बिल्डरने जागा घेऊन घर पाडायचं आणि झाडं काढायचं ठरवलं. एक कार्यकर्ता झाडावर चढून बसला, शेजारी खाली उभे राहिले, आणि शेवटी लोकांनी पैसे उभे करून ती जागाच विकत घेतली. झाडं जिथल्या तिथे राहिली. माझ्या मते हा मार्ग बॉयसीपेक्षा चांगला. पण तो वेळेत सुचायला हवा, आणि त्यासाठी शेजारी एकमेकांशी बोलणारे हवेत.

आपल्याकडे कायदा कमी पडत नाही. महाराष्ट्रात नागरी भागांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची अटही आली. पण या सगळ्यात ‘पुनर्रोपण’ हा शब्द पळवाटेसारखा वापरला जातो. अर्जावर ‘तोडणार’ लिहिलं की हरकती येतात, ‘पुनर्रोपण करणार’ लिहिलं की माना डोलतात. माझी मागणी साधी आहे. पुनर्रोपणाची परवानगी देताना हुंडीचा घेर किती, फांद्या किती राखणार, आणि पहिली पाच वर्षं पाणी कोण घालणार, एवढं लेखी घ्यावं आणि दर उन्हाळ्यानंतर झाडाचा फोटो मागवावा.

आमच्या सभेत शेवटी काय ठरलं, तेही सांगते. सेक्रेटरींनी मला पुढच्या रविवारी जागेवर बोलावलं. मी दोरी आणि चुन्याची पुडी घेऊन गेले. बुंध्यापासून फांद्यांच्या टोकापर्यंत दोरी धरून जमिनीवर वर्तुळ आखलं. नव्या पार्किंगच्या आठ गाड्यांपैकी पाच त्या वर्तुळात येत होत्या. एकाने पायाने पेव्हर ब्लॉक उकरून पाहिला, तर खाली बोटाएवढी मुळं सिमेंटच्या कडेला दाबून, वाकून, परत मातीकडे वळलेली दिसली. सगळे थोडा वेळ वाकून पाहत राहिले. मग सेक्रेटरींनी बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढून घ्यायला सांगितलं, पाच गाड्यांचा विषय पुढच्या सभेवर टाकला, आणि वॉचमनला हाक मारली, "वर टाकीला लावलेला पाइप जरा इकडे आण."